रिकाम्या डब्याचं वजन

काटेवाल्याने कॅरियर दुचाकीला लावायच्या आधी काट्यावर ठेवला. मग त्यावर बसणारा डबा, टॉप बॉक्स, ठेवला. मग दोन्ही मिळून ठेवले आणि सुई स्थिर होईपर्यंत वाकून बघत राहिला.

"आता बोल्टही मोजा एकेक करून," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, गाडीला लावायचंय. सराफाला विकायचं नाहीये."

"बोल्ट यातच धरलेत."

"धरलेत ना? मग मला आज झोप लागेल."

मेहुण्याचं बोलणं असंच असायचं आणि काटेवाल्याला त्याचा राग येत नसे. बायको गेल्यापासून या घरात कोणी हसलं तर ते मेहुण्यामुळेच. तो तिचा धाकटा भाऊ. सुट्टी असली की पाने-पकडी घेऊन यायचा, काहीतरी दुरुस्त करून जायचा. काही मोडलेलं नसलं तर शोधून काढायचा.

काटेवाल्याचा धंदा वजनकाट्यांचा. दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथे म्हणून काटा असेल तिथे जायचं, तो खरं बोलतो का ते तपासायचं, बोलत नसेल तर दुरुस्त करायचा. घरातही बाहेरच्या खोलीत, दार आणि सोफा यांच्या मधे, एक जुना तबकडीचा काटा जमिनीला बरोबर समतल करून ठेवलेला होता. माणूस उभा राहील एवढा पाट आणि छातीच्या उंचीवर सुई. येणारे-जाणारे त्याला अडखळायचे. बायकोने सुरुवातीची दोन वर्षं त्यावरून भांडण काढलं, मग त्यावर कुंडी ठेवली, आणि काटेवाल्याने रोज सकाळी ती कुंडी खाली उतरवली.

आजारपणात तिला दवाखान्यात नेणं जड होऊ लागलं तेव्हा तो काटा कामाला आला. औषधाचं माप वजनावर ठरायचं. दर आठवड्याला तो तिला दोन्ही हातांवर उचलून आणायचा आणि पाटावर उभी करायचा. सुई तिच्या पाठीमागे असायची, तिला दिसायची नाही. ती विचारायची, "किती?" आणि तो जे असेल ते सांगायचा. एकदा ती म्हणाली, "एखाद्या वेळी दोन किलो वाढवून सांगितलंत तर काट्याला राग येईल का?" पुढच्या आठवड्यातही त्याने होता तोच आकडा सांगितला.

वजनमापांची पिशवी खांद्यावर घेऊन गाडी चालवून त्याचा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना. म्हणून मेहुण्याने हा कॅरियर आणि डबा शोधून काढला. काळा, गोलसर, कुलपाचा, पुढच्या बाजूला पाठ टेकायला गादी असलेला.

आधी सीटच्या मागचं धरायचं हँडल काढावं लागलं. दोन्ही बाजूंचे बोल्ट गंजले होते. मेहुण्याने तेल सोडलं, पान्याला पाइप लावून जोर दिला, तेव्हा कुठे ते करकरत सुटले. हँडलच्या डाव्या बाजूला एका जागी रंग उडून लोखंड चकाकत होतं. तिची अंगठी तिथे घासायची. काटेवाल्याने हँडल कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

मग कॅरियरचे दोन हात, मधे नळीचे तुकडे, लांब बोल्ट. "सगळे बोल्ट हाताने लागेपर्यंत एकही आवळू नका," काटेवाला म्हणाला. "नाहीतर शेवटचं भोक जुळत नाही."

"हे संसारालाही लागू आहे," मेहुणा म्हणाला आणि लगेच पाना शोधायला खाली वाकला.

खरा वाद झाला तो वरच्या पट्टीवरून. डबा ज्या पट्टीवर बसतो ती पुढे-मागे दोन जागी बसवता येत होती. मागे बसवली तर सीटवर दुसऱ्या माणसाला ऐसपैस जागा. पुढे घेतली तर डबा थेट त्याच्या पाठीला लागायचा.

"मागे घ्या," मेहुणा म्हणाला. "ढमी बसते ना रोज."

"मागे घेतली की वजन चाकाच्या पलीकडे जातं. टोकाला टांगलेलं वजन दुप्पट बोलतं."

"आणि पोरीची पाठ?"

"पाठीला टेकायला होईल. गादी आहे."

कुठल्याही साध्या माणसाने पट्टी मागे घेतली असती. पण काटेवाल्याने उभ्या आयुष्यात वजन कधी चुकीच्या जागी ठेवलं नव्हतं. त्याने पट्टी पुढे घेतली, चारही पकडी आवळल्या, डबा खटकन बसवला आणि हाक मारली.

ढमी म्हणजे त्याची मुलगी. जन्मली तेव्हा बाळसेदार होती म्हणून आईने ठेवलेलं नाव. आता वीस वर्षांची, उंच, खांद्याने रुंद, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी. ती मागे बसली, पाठ टेकली, पुन्हा सरळ झाली.

"बाबा, हे पाठीला चिकटतंय."

"सवय होईल," तो म्हणाला.

पहिले काही दिवस डब्यात पाने आणि छोटी मापं असायची. मग एका मोठ्या गोदामाचं काम निघालं. सगळं सामान तिथेच ठेवायची सोय झाली आणि आठवडाभर डबा कुलूप लावलेला, रिकामाच फिरला. सकाळी ढमीला दुकानापाशी सोडायचं, पुढे गोदाम, संध्याकाळी परत तिला घेऊन घरी. सुट्टीच्या दिवशी गाडी धुवायची म्हणून त्याने डबा उतरवला आणि त्याच्या हाताला ते कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. त्याचे हात दुकानदाराने अर्ध्या किलोमागे चोरलेले वीस ग्रॅम सांगायचे.

त्याने डबा काट्यावर ठेवला. साडेतीन किलोचा डबा साडेसहा दाखवत होता.

आत पाणी शिरलं असणार. त्याने कुलूप उघडलं. आत कोरडं होतं. रिकामं. अस्तर जसंच्या तसं. फक्त आतली हवा कोमट होती, माणूस नुकताच उठून गेलेल्या अंथरुणासारखी. डबा उन्हात होता, असं तो स्वतःशी म्हणाला. गाडी सावलीत होती.

पुन्हा ठेवला. साडेतीन.

त्याने काट्यावर प्रमाणित मापं ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. पातळी तपासली, पाटाखाली काही अडकलंय का पाहिलं. मग डब्याला कुलूप लावून तो दोन दिवस घरातच ठेवला. सुई हलली नाही. तेव्हा त्याने डबा परत गाडीवर चढवला, रिकामाच, आणि रोज संध्याकाळी उतरवून वजन करू लागला. रोज थोडं थोडं वाढत होतं. मेहुण्याला तो काही बोलला नाही. ज्याचा खुलासा देता येत नाही असा आकडा त्याने आजवर कोणाला सांगितला नव्हता.

पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे एक मोठं वळण आहे. बायको मागे असली की त्या वळणावर त्याला गाडी सांभाळावी लागे, कारण ती उलट झुकायची. गाडी डावीकडे कलली की ती घाबरून उजवीकडे. "तुम्ही तिकडे झुका, मी इकडे झुकते, म्हणजे गाडी सरळ राहील," असं तिचं शास्त्र होतं. वीस-बावीस वर्षं त्याने समजावलं आणि वीस-बावीस वर्षं ती उजवीकडे झुकली. ढमीचं तसं नव्हतं. ती बापासारखी, वळणाबरोबर वळणारी.

मग एके दिवशी ढमीला सोडून तो एकटाच त्या वळणावर आला. गाडी डावीकडे कलली, आणि मागचं वजन उजवीकडे गेलं.

त्याने गाडी कडेला लावली. हेल्मेट काढलं. मागे वळून बघायला त्याला बराच वेळ लागला. सीट रिकामी होती, डबा बंद होता.

गोदामवाल्याचे फोन येत राहिले. काटेवाला बाजाराच्या चौकोनाला फेऱ्या घालत होता. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, डावीकडे. प्रत्येक वळणावर ते वजन हट्टाने उजवीकडे जायचं, आणि तो हेल्मेटच्या आत म्हणायचा, "अगं झुक ना. अजून नाही शिकलीस?" रस्त्यावरच्या भाजीवाल्याला वाटलं, या माणसाचं काहीतरी पडलंय आणि तो शोधतोय.

त्यानंतर त्याने डबा उघडला नाही. एकदा उघडून आठवड्याची भर घालवली होती, तेवढी चूक पुरे होती. पाने आणि मापं पुन्हा पिशवीत गेली, पिशवी पुन्हा खांद्यावर आली.

"डबा मग घेतलात कशाला?" मेहुण्याने विचारलं. "शोभेला? का आत लोणचं मुरत घातलंय?"

"कुलूप बिघडलंय."

"द्या इकडे, पाच मिनिटांत उघडतो."

"राहू दे," काटेवाला म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की मेहुण्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

वजन वाढत गेलं. कॅरियरवर पाच किलोची मर्यादा लिहिलेली होती. ती केव्हाच मागे पडली, पण कॅरियर वाकला नाही. रोज सकाळी ढमी आंघोळीला गेली की तो डबा दोन्ही हातांवर घेऊन आत आणायचा, एक हात खाली, एक हात मागून. त्याच्या खांद्याला या कामात कधी कळ आली नाही.

डब्याचे साडेतीन वजा करून उरलेला आकडा तो मनात ठेवायचा, आणि प्रत्येक आकडा त्याच्या ओळखीचा होता. एकतीस हे तिचं शेवटचं वजन. तेव्हा तिला कप उचलवत नव्हता. चौतीसला ती उशीला टेकून बसायची. अडतीसला भिंत धरून मोरीपर्यंत जायची. तेच आकडे आता उलट्या क्रमाने येत होते. ती जशी गेली होती तशीच, एकेक पायरी, परत येत होती. तिचं मूळचं वजन बावन्न. एवढंच त्याला हवं होतं. बावन्न झाले की कुलूप उघडायचं.

चौतीस झाले त्या सकाळी त्याने डबा जमिनीवर ठेवला नाही. सोफ्यावर उशीला टेकवून ठेवला.

छत्तीस झाले त्या सकाळी सुई थांबली आणि डब्यातून, कुलपाच्या भोकापाशी, अगदी सहज कोणीतरी विचारलं, "किती?"

त्याने आकडा सांगितला.

ढमीचं त्याच्या नजरेत आधी आलं नाही असं म्हणता येणार नाही. ते कपड्यांपासून सुरू झालं. कुडत्याच्या बाह्या बोटांवर यायला लागल्या, तिने दुमडल्या. चप्पल पायातून निसटायची. ती हसून म्हणाली, "धुण्याने कपडे आटतात, माझे वाढतायत." सुरुवातीला तिला डबा आवडायलाही लागला होता. "ऊब लागते पाठीला," ती म्हणायची. "आई मागून धरायची ना लहानपणी, तसं." मग म्हणाली, ऊब नाही, ओढल्यासारखं होतं. मग काही म्हणेनाशी झाली.

मधे तिला ताप आला. ती घरी राहिली. काटेवाला एकटाच गाडीवर गेला, दूरवर गेला, मुद्दाम डाव्या वळणांनी गेला. संध्याकाळी वजन केलं. कालचंच होतं. दुसऱ्या दिवशीही कालचंच.

तो काटा जाणणारा माणूस होता. एका पारड्यात काय पडतं ते बघितलं की दुसऱ्या पारड्यातून काय गेलं हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. तो बराच वेळ सुईकडे बघत बसला. मग उठून ढमीच्या खोलीत गेला, तिच्या कपाळाला हात लावला.

"उतरलाय ताप," तो म्हणाला. "उद्या सोडतो तुला दुकानात."

"बसने जाईन मी. जरा उशिरा."

"कशाला? मी आहे ना."

त्यानंतर तो तिला कुठेही बसने जाऊ देईना. मैत्रिणीकडे जायचं असलं तरी गाडी काढायचा. शेजारी कौतुक करायचे, बायकोमागे बापाने लेकीला कसं जपलंय बघा, तळहातावरच्या फोडासारखं.

चष्म्याच्या दुकानात तिला उभं राहायला स्टूल द्यावं लागलं. थोड्या दिवसांनी मालकाने तिला घरी बसायला सांगितलं. काउंटरपलीकडून गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला आणि तिच्या नजरेला नजर न देता आत गेला. दुकान सुटलं, पण सकाळची फेरी सुटली नाही. "हवा खाऊन येऊ," काटेवाला म्हणायचा आणि हेल्मेट पुढे करायचा.

मेहुणा तिला दोन डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त, हाडं, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. परत आला तो सरळ आत येऊन सोफ्यावर बसला. त्या दिवशी त्याच्याजवळ पाने नव्हते.

"डॉक्टर विचारतो, वजन किती कमी झालं? मी त्याच्या तोंडाकडे बघतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात एवढा धोंडा मांडून ठेवलाय आणि पोरीचं वजन कोणाला ठाऊक नाही." त्याने ढमीला हाताने पुढे केलं. "चल गं, चढ वर. भाऊजी, बघा."

ढमीने एक पाय पाटावर ठेवला.

"काटा बिघडलाय," काटेवाला म्हणाला.

मेहुणा हसला. त्याला वाटलं भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा विनोद करतायत. "तुमचा?"

"स्प्रिंग गेलीय."

"मग करा नीट. दुनियेचे काटे नीट करत फिरता ना?"

"सुटा भाग मिळत नाही."

ढमीने पाय खाली घेतला. त्याच सकाळी, केस पुसत बाहेर येताना, तिने बापाला डबा त्या पाटावर ठेवताना पाहिलं होतं. ती बापाकडे बघत राहिली.

मेहुणा उठला. दारापाशी जाऊन थांबला. "ही वाळली नाहीये," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "वाळलेलं माणूस मी पाहिलंय, याच घरात. ही वाळली नाहीये, भाऊजी. ही लहान झालीय. नऊ वर्षांची होती तेवढी दिसते." मग कोणी ऐकलं तर वेड्यात काढेल अशा भीतीने त्याने तोंडावरून हात फिरवला. "रविवारी मी येतो. माझ्याकडे घेऊन जातो तिला. काय असेल ते असो, इथली हवाच बदलायला हवी."

तो गेला. ढमी सोफ्यावर बसली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"बाबा," तिने विचारलं, "आई कितीवर आलीय?"

काटेवाल्याने आकडा सांगितला. "चाळीस."

"आणि पूर्वी?"

"बावन्न."

"अजून बारा." ती बोटांनी सोफ्याचा धागा ओढत होती. "मला मानेपाशी तिचा श्वास लागतो. पहिल्यांदा थंड होता. आता नाही. काल ती गुणगुणत होती, भांडी घासताना करायची तसं." तिने धागा तोडला. "आई आली की माझं काय?"

"आई आली की ती बघेल," तो म्हणाला. "पोटभर चारेल तुला. माझ्यापेक्षा तिला बरं जमतं."

ढमीने मान हलवली. लहानपणी कडू औषध घ्यायच्या आधी हलवायची तशी.

"मी बसने जाऊ का, बाबा? कुठेही. एक दिवस."

त्याने हेल्मेट उचललं. ते आता तिच्या डोक्यावर डगडगायचं, म्हणून त्याने आत जुन्या टॉवेलचा तुकडा बसवला होता. त्याने ते तिच्या डोक्यावर नीट ठेवलं, पट्टा हनुवटीखाली घेतला, शेवटच्या भोकापर्यंत ओढला. आत बोट घालून पाहिलं. आवळ होतंय का विचारलं. नाही, ती म्हणाली.

रविवारी मेहुणा आला तेव्हा दाराला कुलूप होतं. काटा बाहेरच्या पायरीवर काढून ठेवलेला होता. बायको त्याच्यावर ठेवायची त्या कुंडीत पाणी घातलेलं होतं.

ते दोघं, किंवा म्हणायचं तर तिघं, तोवर बरंच लांब गेले होते. काटेवाला सकाळपासून अंधार पडेपर्यंत गाडी चालवायचा. सकाळी निघताना वाटेत भंगारवाला दिसला की थांबायचा, दोन पैसे देऊन डबा त्याच्या काट्यावर ठेवायचा. भंगारवाले विचारायचे, काय आहे यात? तो म्हणायचा, घरचंच आहे. त्यांचे काटे खोटे असायचे. तो मनात दुरुस्ती करून घ्यायचा.

बेचाळीस.

चव्वेचाळीस.

आता भर लवकर पडत होती.

ढमी फारसं बोलत नव्हती. बोलली तर एखादाच शब्द, आणि तोही तिला शोधावा लागायचा. तिला झोप फार यायची. झोपेत पडू नये म्हणून काटेवाल्याने सामान बांधायची रबरी दोरी घेतली होती. एक हूक कॅरियरच्या एका हाताला, दोरी तिच्या पोटावरून, दुसरा हूक पलीकडच्या हाताला.

सेहेचाळीसला झाकण नीट बसेना. कुलूप लागत होतं, पण एका कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढी फट राहायची. सत्तेचाळीसला ती वाढली. काटेवाल्याने तिच्यावर चिकटपट्टी लावली. दुपारी पट्टी सुटलेली होती. फाटलेली नव्हती. आतून सावकाश सोलून काढावी तशी सुटली होती.

"धीर धर," तो म्हणाला. "पाचच राहिलेत."

पुढच्या मोठ्या गावात, गाड्यांच्या सामानाच्या दुकानासमोर त्याने गाडी लावली. ऊन चांगलं होतं. त्याने गाडी झाडाच्या सावलीत घेतली, दोरी तपासली आणि आत गेला.

दुकानदार जाड, घामेजलेला, बडबड्या माणूस होता. त्याने एकामागून एक डबे काढून काउंटरवर मांडले. काटेवाला प्रत्येकात हात घालून कोपरापर्यंत मोजत होता.

"याहून मोठा?"

"यात दोन हेल्मेटं मावतात साहेब. काय नेणार आहात एवढं?"

"याहून मोठा आहे का?"

दुकानदाराने मागचं सामानाच्या चित्रांचं पुस्तक चाळलं, एका चित्रावर बोट ठेवलं. "हा एक येतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांना लावतात. आत पोतं बसेल. पण मागवावा लागेल."

"मागवा."

"मागवतो, पण आधीच सांगतो, नंतर भांडू नका. हा बसवला की मागची सीट सगळी जाते. माणूस बसूच शकत नाही." दुकानदाराने मान वाकडी करून दाराबाहेर पाहिलं. सावलीत गाडी उभी होती. मागे एक लहान मुलगी डब्याला गाल लावून झोपली होती. तिचे पाय पायटेकूच्या बरेच वर लोंबत होते. "ती छोटी तुमचीच ना? कितवीत आहे?"

काटेवाला चित्राकडे बघत होता. लांबी, रुंदी, उंची त्याने दोनदा वाचली.

"यायला किती दिवस लागतील?"

"पंधरा दिवस धरा. वीस दिवस, फार तर."

त्याने बाहेर पाहिलं. डोळे बारीक करून, ओठ हलवत, थोडा वेळ पाहिलं. एखादी वस्तू हातात न घेता तिचा अंदाज करायचा असला की तो असंच बघायचा.

"मग चालेल," तो म्हणाला. "तोवर सीट मोकळी होईल."